पदरचे पैसे घालून पीएच.डी. करू नका

“मॅडम, पीएच.डी.ला साधारण किती खर्च येतो?”

एम.एस्सी.चा निकाल लागला की दर वर्षी कुणीतरी स्टाफरूमच्या दाराशी घुटमळतं आणि हळू आवाजात हे विचारतं. विचारणारी मुलगी हुशार असते, वर्गात पहिल्या पाचांत असते आणि तिच्या घरात बारावीच्या पुढे तीच पहिली गेलेली असते. बी.एस्सी.ला इतके लागले, एम.एस्सी.ला त्याहून जास्त लागले, म्हणजे पीएच.डी.ला लाखांत जाणार, असा तिचा सरळ हिशेब असतो. घरची परिस्थिती बघून ती मनातल्या मनात नाही म्हणूनच आलेली असते. फक्त एकदा विचारून बघते.

हा हिशेब उलटा आहे. जीवशास्त्रातली पूर्णवेळ पीएच.डी. म्हणजे पगारी काम. १ जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारच्या संस्थांचा दर असा आहे: ज्युनियर रिसर्च फेलोला, म्हणजे जेआरएफला, पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे कामाचा आढावा घेऊन सीनियर रिसर्च फेलो केलं की ४२,००० रुपये. वसतिगृह मिळालं नाही तर घरभाडं वेगळं. रसायनं, प्रवास, झेरॉक्स अशा खर्चासाठी दर वर्षी वेगळी रक्कम, जिला सगळे कॉन्टिन्जन्सी म्हणतात. हे सगळं पाच वर्षांपर्यंत. ज्या पोरी-पोरांना आपण घाईघाईने सीएचबीवर, म्हणजे तासाच्या मानधनावर, तासिका घ्यायला पाठवतो, त्यांना हा आकडा आधी सांगायला हवा. मी तो वर्गात फळ्यावर लिहिते आणि दिवसभर पुसत नाही.

आता मुख्य गोष्ट. प्रवेश आणि फेलोशिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या रांगाही वेगळ्या आहेत. पहिल्या रांगेत आधी फेलोशिप मिळते, मग ती हातात घेऊन तुम्ही प्रयोगशाळा शोधता. दुसऱ्या रांगेत आधी विद्यापीठात नाव नोंदवावं लागतं आणि फेलोशिपचा अर्ज त्यानंतर करता येतो. बहुतेक मुलांना यातली एकच रांग माहीत असते. माझा सल्ला असा की दोन्ही रांगांत उभं राहा, पण मेहनत पहिलीसाठी करा. जेआरएफ हातात असलेल्या मुलीला कुठलीही लॅब आनंदाने बोलावते, कारण तिच्यासाठी लॅबला पैसा शोधावा लागत नाही.

पहिल्या रांगेतला मोठा दरवाजा म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट, विषय लाइफ सायन्सेस. परीक्षा एनटीए घेते, साधारणपणे वर्षातून दोनदा. पेपर तीन तासांचा, २०० गुणांचा, इंग्रजी आणि हिंदीत. मराठीत नाही, हे खरं. पण जीवशास्त्राच्या संज्ञा आपण तशाही इंग्रजीतच शिकलेलो असतो. या पेपरची रचना नीट बघा, कारण ती छोट्या कॉलेजच्या विद्यार्थ्याच्या बाजूची आहे. भाग ‘ए’मध्ये गणित, तर्क, आलेख वाचन असे २० प्रश्न, त्यांतले १५ सोडवायचे. भाग ‘बी’मध्ये ५० पैकी ३५. आणि भाग ‘सी’मध्ये ७५ प्रश्नांतले फक्त २५ सोडवायचे, प्रत्येकी चार गुणांचे. म्हणजे निम्मे गुण ज्या भागाला आहेत, तिथे तीनातले दोन प्रश्न सोडून द्यायची मुभा आहे.

अभ्यासक्रमात १३ घटक आहेत. आमच्याकडचा प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी पेशींमधली संदेशवहन यंत्रणा बघून घाबरतो आणि पुस्तक मिटतो. पण परिस्थितिकी, उत्क्रांती आणि वर्तन, आनुवंशिकता, सजीवांची विविधता, शरीरक्रिया हे घटक त्याने पाच वर्षं शिकलेले असतात. सहा-सात घटक इतके पक्के करा की त्यातला प्रश्न कसाही फिरवून आला तरी सुटेल. ‘मेथड्स इन बायोलॉजी’ हा तेरावा घटक मात्र सोडू नका, कारण पुढे मुलाखतीत तोच विचारतात. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या पाव गुण कापले जातात, म्हणून भाग ‘सी’मध्ये अंदाजपंचे मारू नका. भाग ‘ए’ला कमी लेखू नका. आमच्या कितीतरी मुलांची जेआरएफ दोन-चार गुणांनी हुकली आहे, आणि ते गुण शेकडेवारी आणि वेळ-काम-वेगाच्या गणितांत गेले होते. स्पर्धा परीक्षा देणारा शेजारचा मित्र ही गणितं तुम्हाला पंधरा दिवसांत शिकवेल.

एम.एस्सी.ला ५५ टक्के हवेत; अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ५० टक्के चालतात. वयाच्या अटीत अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना आणि सगळ्या मुलींना पाच वर्षांची सूट आहे. ही सूट फार मोठी आहे. मध्ये तीन वर्षं घरी बसावं लागलेल्या मुलीसाठीसुद्धा दार उघडं असू शकतं, तेवढं त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट बघून घ्या. २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट लागतात: जेआरएफ, सहायक प्राध्यापक पात्रता आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. तिसऱ्या गटात नाव आलं तरी निराश होऊ नका. प्रवेशासाठी तो गुणांक चालतो आणि पैशासाठी दुसरी रांग आहेच. सेटबद्दल गैरसमज नको. पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोव्यासाठी जी सेट घेतं, ती प्राध्यापकीसाठी उपयोगी आहे, पण तिने फेलोशिप मिळत नाही.

नेटखेरीज आणखी दारं आहेत. जैवतंत्रज्ञान विभागाची म्हणजे डीबीटीची ‘बेट’ परीक्षा आहे. तिच्यात पहिल्या यादीत नाव लागलं तर फेलोशिप देशातल्या कुठल्याही मान्य संस्थेत नेता येते, दुसऱ्या यादीत लागलं तर डीबीटीच्या पैशावर चालणाऱ्या प्रकल्पात शिरता येतं. गेटमध्ये बायोटेक्नॉलॉजी, लाइफ सायन्सेस आणि इकॉलॉजी-इव्होल्यूशन असे तीन पेपर आपल्या कामाचे आहेत. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि मुलींना फी निम्मी. टीआयएफआर आणि बंगळुरूच्या एनसीबीएससाठी ‘जेगीबिल्स’ ही परीक्षा असते. तिच्यात पाठांतर जवळजवळ नसतंच. एखादा प्रयोग देतात आणि यातून काय सिद्ध होतं, काय होत नाही, ते विचारतात. निवड झाली तर पैसे संस्थाच देते. विद्यापीठात पहिल्या आलेल्यांसाठी इन्स्पायर फेलोशिप आहे, आणि आपण पहिले आलो म्हणजे तिच्यासाठी पात्र आहोत हे अनेकांना ठाऊकच नसतं. आईवडिलांची एकुलती एक मुलगी असलात तर यूजीसीची सावित्रीबाई जोतिराव फुले यांच्या नावाची फेलोशिप आहे.

आता दुसरी रांग, म्हणजे सामाजिक प्रवर्गांसाठीच्या योजना. अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय फेलोशिप २००५-०६ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली. आता तिची निवड नेटच्या गुणांवरून होते, म्हणजे नेटचा अभ्यास इथेही कामी येतो. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी कार्य मंत्रालय वर्षाला ७५० जणांना फेलोशिप देतं. ओबीसींसाठी वेगळी योजना आहे. अल्पसंख्याकांची मौलाना आझाद फेलोशिप मात्र २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली आहे. जुन्या मार्गदर्शक पुस्तिकांत तिचं नाव अजून दिसतं, त्यावर विसंबू नका.

राज्याच्या पातळीवर पुण्याची बार्टी अनुसूचित जातींसाठी, नागपूरची महाज्योती ओबीसी, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गासाठी, पुण्याची सारथी मराठा-कुणबी समाजासाठी आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आहे. यांच्यातल्या बहुतेक फेलोशिपसाठी पीएच.डी.ची नोंदणी आधी झालेली लागते. विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेशासाठीची पेट परीक्षा, मग मुलाखत, मग नोंदणीचं पत्र आणि नंतर अर्ज, असा क्रम. जागा किती, चाळणी परीक्षा आहे की नाही, हे वर्षागणिक बदलतं, आणि या प्रश्नांवर विद्यार्थ्यांना आंदोलनं करावी लागली आहेत. म्हणून घरी सांगताना “बार्टी मिळणारच” असं सांगू नका. मिळाली तर उत्तम, तोवर नेट चालू ठेवायची. या संस्था वेळोवेळी नेट-सेटचं मोफत प्रशिक्षणही देतात, त्याची जाहिरात आली की त्याच दिवशी अर्ज भरा. एका वेळी एकच फेलोशिप घेता येते. दोन लागल्या तर एक लेखी सोडा. दोन्हीकडून पैसे आले तर ते पुढे परत करावे लागतात.

आता कागदांविषयी. यात मी जरा रेंगाळणार आहे, कारण अभ्यासात कमी पडलेल्यांपेक्षा कागदाने अडलेली मुलं मी जास्त पाहिली आहेत.

माझी एक विद्यार्थिनी बीड जिल्ह्यातली, वंजारी समाजातली. आईवडील दर दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या तळावर जायचे, ही आजीपाशी राहून शिकली. राज्यात तिचा प्रवर्ग ‘भटक्या जमाती-ड’. पण केंद्राच्या यादीत भटक्या-विमुक्तांचा असा वेगळा रकाना नाही. वंजारी, धनगर हे समाज तिथे ओबीसीत येतात. तिने एका केंद्रीय संस्थेचा फॉर्म ओबीसी म्हणून भरला आणि सोबत जोडला राज्याच्या नमुन्यातला ‘एनटी-ड’चा दाखला आणि राज्याचंच नॉन-क्रिमीलेअर. मुलाखतीच्या दिवशी सकाळी कागद तपासणाऱ्यांनी ते बाजूला काढले आणि तिला खुल्या गटात धरलं. ती फार थोडक्यात राहिली. परतीच्या गाडीत तिने मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती. फक्त एवढंच विचारत होती, “मॅडम, मग मी नेमकी कोण आहे?” तिला आधी सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नव्हतं. ती चूक माझी होती आणि म्हणून तेव्हापासून मी हे प्रत्येकाला सांगते.

तर केंद्र सरकारच्या प्रत्येक संस्थेसाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात काढून ठेवा. सेतू केंद्रात जाताना तो नमुना छापून न्या, ‘सेंट्रलचा हवा’ असं स्पष्ट सांगा, आणि हातात पडल्यावर तो कशासाठी आहे ते वाचूनच घरी या. आपली जात केंद्राच्या यादीत कुठल्या नावाने, कुठल्या स्पेलिंगने आहे तेही बघा. दाखला बहुतेक ठिकाणी चालू आर्थिक वर्षातला मागतात, त्यामुळे एप्रिल उजाडला की नवा काढायचा. मराठा समाजातल्या मुलांनी लक्षात ठेवा: राज्याचा एसईबीसी दाखला केंद्रात चालत नाही, तिथे आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला लागतो, तोही केंद्राच्या नमुन्यात. कुणबी नोंद असेल तर केंद्राच्या ओबीसी यादीत कुणबी आहे. जात वैधता, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, गॅप असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र आणि आधारशी जोडलेलं बँक खातं हे सगळं परीक्षेच्या निकालाची वाट न बघता आधीच काढून ठेवावं. नाव सगळीकडे एकसारखं हवं. दहावीच्या सनदेवर ‘कांताबाई’ आणि आधारवर ‘कांता’ असेल, तर पुढे पैसे खात्यावर येताना तेवढ्यानेही अडतं.

आता लॅब. आपल्या जवळच कितीतरी चांगल्या जागा आहेत. पुण्यात एनसीसीएस, एनसीएल, आघारकर संशोधन संस्था, आयसर, एनआयव्ही, मुंबईत टीआयएफआर आणि परळची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था, खारघरला टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक, नागपूरला नीरी, गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. सीएसआयआरच्या प्रयोगशाळांचे प्रवेश जानेवारी आणि ऑगस्ट अशा दोन सत्रांसाठी होतात. आपल्या विद्यापीठातला विभागही कमी समजू नका. चांगला गाईड मिळाला तर तिथेही उत्तम काम होतं.

गाईड निवडताना त्याच्या नावाच्या पाटीपेक्षा त्याच्या विद्यार्थ्यांकडे बघा. त्यांच्यापैकी एखाद्याला कँटीनमध्ये गाठून तीन गोष्टी विचारा: तुमच्या आधीच्यांची पीएच.डी. किती वर्षांत झाली, शोधनिबंधावर पहिलं नाव विद्यार्थ्याचं असतं का, आणि सर किंवा मॅडम आठवड्यातून किती वेळ तुमच्याशी कामाबद्दल बोलतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहेत, फेलोशिप मात्र पाचच वर्षं. ज्या लॅबमध्ये साऱ्यांना सात-सात वर्षं लागतात, तिथे शेवटी घरून पैसे मागवायची वेळ येईल. नेट नसताना प्रकल्पावर प्रोजेक्ट असोसिएट म्हणून लागायचं असेल तर जरूर लागा, हाताला सवय होते. पण प्रकल्प किती वर्षांचा आहे आणि पीएच.डी.ला नोंदणी करून देणार का, हे आधी विचारून घ्या. हे विचारलं म्हणजे उद्धटपणा झाला, असं आपल्या मुलांना वाटतं. तसं नाही.

लॅबला ई-मेल पाठवायचं तर दहा ओळींत. त्यांचे अलीकडचे दोन निबंध वाचा, त्यातलं काय समजलं आणि कुठे प्रश्न पडला ते सांगा, तुम्ही हाताने काय केलंय ते सांगा, शेवटी जेआरएफ असल्यास ते. ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ने सुरू होणारं तेच पत्र पन्नास जणांना गेलं की समोरच्याला ते लगेच कळतं. आणि एम.एस्सी.ला असतानाच तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपला अर्ज करा. दोन महिने मोठ्या लॅबमध्ये काम, वर विद्यावेतन आणि रेल्वेचं भाडं. तिथल्या शास्त्रज्ञाचं शिफारसपत्र पुढे फार उपयोगी पडतं.

मुलाखतीची भीती सगळ्यांनाच असते, आमच्या मुलांना जास्त, कारण इंग्रजी अडखळतं. त्या बीडच्या मुलीची दुसऱ्या वर्षीची मुलाखत सांगते. तोवर तिची जेआरएफ निघाली होती, दाखलाही बरोबर होता. एम.एस्सी.चा तिचा प्रकल्प म्हणजे छोट्या कॉलेजांत हमखास असतो तोच: वनस्पतीच्या पानांचा अर्क काढायचा, अगारच्या थाळीत जिवाणू पसरायचे, अगारमध्ये छोट्या विहिरी पाडून अर्क भरायचा आणि भोवती किती मिलिमीटर जागा स्वच्छ झाली ते मोजायचं. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, “विहिरीत अर्काऐवजी नुसतं मिथेनॉल भरलं असतंस तर?” ती थांबली. मग म्हणाली की एकदा भरलं होतं, आणि त्याच्याभोवतीही चार-पाच मिलिमीटर स्वच्छ कडं आलं होतं, पण वेळ कमी होता म्हणून ते प्रबंधात घातलं नाही. पुढे अर्धा तास प्रश्न फक्त त्या कड्यावर झाले. मिथेनॉल उडून जायला किती वेळ द्यायला हवा होता, अर्क कशात विरघळवला असता तर बरं झालं असतं, किती थाळ्या लावायला हव्या होत्या. अर्धी उत्तरं तिने हिंदीत दिली. कुणी अडवलं नाही. तिची निवड झाली.

म्हणून मुलाखतीआधी नवी पुस्तकं चाळू नका. आपलाच प्रकल्प काढून बसा. प्रत्येक पायरीला ‘हे का केलं’ आणि ‘याचा कंट्रोल कोणता’ हे स्वतःला विचारा. जे फसलं होतं ते नीट आठवून ठेवा. येत नसेल तिथे “माहीत नाही, पण शोधायचं झालं तर असं शोधेन” एवढं म्हणायला शिका.

मुलींच्या आईवडिलांशी मी वेगळं बोलते. “अजून किती शिकणार?” या प्रश्नाला ३७,००० चा आकडा बराच उपयोगी पडतो. यूजीसीच्या नियमांत मुलींना पीएच.डी.साठी दोन वर्षं जास्त मिळतात आणि २४० दिवसांची बाळंतपणाची रजा आहे. सत्तावीस ते पंचेचाळीस वयातल्या स्त्रियांसाठी विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची वाइज-पीएच.डी. योजना आहे, लग्नानंतर थांबलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थिनींना मी आवर्जून फोन करून ती सांगते. आपल्या कमला सोहोनींनी १९३९ मध्ये केंब्रिजहून जीवरसायनात पीएच.डी. मिळवली, हे त्यांना माहीत असलं तर मला बरं वाटतं.

परदेशाविषयी थोडक्यात. अमेरिकेत जीवशास्त्राच्या पीएच.डी.ला साधारणपणे फी माफ असते आणि वर विद्यावेतन असतं. अनेक विभागांनी जीआरई काढून टाकली आहे आणि अर्जाची फी माफ करून मागता येते. अनुसूचित जातींसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, दोन्ही पीएच.डी.लाही लागू आहेत. यवतमाळमधून सुरू झालेली राजू केंद्रे यांची एकलव्य संस्था पहिल्या पिढीतल्या मुलांना अर्ज लिहायला शिकवते. तिच्या मुलांचं काम मी पाहिलं आहे, चांगलं आहे.

रुजू झाल्यावर दोन गोष्टींची तयारी हवी. पहिले काही महिने फेलोशिप येत नाही. रुजू अहवाल, बोनाफाईड, गाईडची सही, विद्यापीठाचा शिक्का असं फिरत फिरत ती कधी चार-सहा महिन्यांनी थकबाकीसकट येते. तेवढ्या काळाच्या मेसची आणि खोलीभाड्याची सोय आधी करा, आणि पाठवलेल्या प्रत्येक कागदाची पोच जपून ठेवा. दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे. लॅबमध्ये कुणी “कोट्यातून आली” असं म्हणेल, बेंच द्यायला टाळेल, यंत्राची वेळ देणार नाही. सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये दिल्लीच्या एम्समधला असा भेदभाव नोंदवला, तेव्हा हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत. तारीख, वेळ, शब्द वहीत लिहून ठेवा, संस्थेतल्या एससी-एसटी किंवा समान संधी कक्षात लेखी द्या, आणि जुन्या शिक्षकांना फोन करा. आम्ही असतो.

ती बीडची मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत येऊन तिने आपल्या फाइलमधल्या सगळ्या कागदांची हाताने लिहिलेली यादी आमच्या विभागाच्या सूचनाफलकावर लावली. एकूण सतरा कागद आहेत. पहिल्या ओळीत लाल पेनाने लिहिलंय: ओबीसी दाखला, केंद्राच्या नमुन्यात.